तीन रकाने

तालुक्याच्या गावी एक विशेष शाळा होती. तिथे आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला बोलता येत नसे. मणी ओवायला बसवलं की तो डबाच भिरकावून द्यायचा.

शाळेत मुलांच्या वागण्याच्या नोंदी तपासणारा एक प्रोग्रॅम आला. प्रत्येक प्रसंगाला तीन रकाने: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. त्यावरून तो कारण सुचवायचा: लक्ष वेधणं, काम टाळणं, हवी ती वस्तू मिळवणं किंवा त्या कृतीतच शरीराला बरं वाटणं.

वर्गाच्या बाईंनी नोंदी भरल्या. पहिल्या रकान्यात ‘लक्ष वेधायचं होतं’, दुसऱ्यात ‘मुद्दाम त्रास दिला’, तिसऱ्यात ‘समज दिली’. उत्तर आलं : लक्ष वेधण्यासाठी करतो, दुर्लक्ष करा.

“मी म्हणतच होते!” बाई म्हणाल्या. डबा फेकला की त्या मुलाला व्हरांड्यात बसवू लागल्या. फेकाफेक कमी व्हायच्या ऐवजी वाढलीच.

“प्रोग्रॅमच चुकतोय,” त्यांनी मोठ्या बाईंकडे तक्रार केली.

मोठ्या बाईंनी नोंदी वाचल्या. “अगं, यात मुलगा कुठे आहे? सगळं तुझंच मत. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? डोळ्यांना दिसलं, कानांनी ऐकलं, तेवढंच लिही.”

बाईंनी नव्याने लिहिलं : ‘पन्नास मण्यांचा डबा पुढे ठेवला. चार ओवले, पाचवा निसटला. डबा फेकला. त्याला व्हरांड्यात बसवलं. मी बाकांखालचे मणी वेचले. घंटा झाली, ओवणं राहिलं.’

अशा बऱ्याच नोंदी जमल्यावर उत्तर बदललं : काम टाळण्यासाठी. म्हणजे व्हरांडा ही शिक्षा नव्हतीच. त्याला हवं तेच मिळत होतं.

“हेही लगेच खरं धरू नकोस, करून बघ,” मोठ्या बाई म्हणाल्या.

बाईंनी मोठ्या भोकाचे दहाच मणी दिले. तळहाताचं चित्र असलेलं एक कार्डही दिलं. ते दाखवलं की दोन मिनिटं सुट्टी. नोंदी चालूच ठेवल्या. हळूहळू डबा जागेवर राहू लागला आणि कार्ड वर होऊ लागलं.

तात्पर्य : नोंदीत मत भरलं, तर संगणक तेच मत परत देतो. घडलं तसं लिहावं आणि आलेलं उत्तर मुलाच्या वागण्यावर ताडून पाहावं.