हत्याराचे रूपांतर आणि कर्त्याची जबाबदारी

रिव्हॉल्वरचे बोअर बदलणे म्हणजे मूळ काडतुसाऐवजी वेगळ्या मापाचे काडतूस चालावे म्हणून त्याच्या रचनेत फेरफार करणे. बोअर हा नळीचा आतला व्यास असतो. तो इंचाच्या दशांश अपूर्णांकात किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात. हा बदल मुख्यतः नळीत आणि काडतुसे बसणाऱ्या फिरत्या सिलिंडरात होतो. मात्र माप जुळले म्हणून काम संपत नाही. बारूद पेटल्यावर निर्माण होणारा दाब हत्याराला सोसला पाहिजे. .३५७ मॅग्नम रिव्हॉल्वरमध्ये .३८ स्पेशल काडतूस चालते, पण .३८ मध्ये .३५७ चालत नाही. अमेरिकेत .४५५ वेब्ली रिव्हॉल्वरची सिलिंडरे मागच्या बाजूने तासून त्यांत .४५ एसीपी काडतुसे वापरण्याची पद्धत पडली. त्या काडतुसांचा दाब मूळ हत्याराच्या कुवतीबाहेरचा असल्याने ही पद्धत धोक्याची ठरली.

भारतात नागरिकांची हत्यारे आणि सैन्याची हत्यारे यांत बोअरवरून भेद केला जातो. कानपूरच्या सरकारी कारखान्यातले .३२ रिव्हॉल्वर सैन्याच्या जुन्या .३८ वेब्लीच्या घडणीवर बेतलेले आहे. काडतूस बदलताच तीच घडण परवानाधारकाच्या हाती येऊ शकली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ५ हत्यार बनवणे, विकणे, दुरुस्त करणे यांच्या रांगेतच त्याचे रूपांतर करणेही मांडते आणि त्यासाठी परवाना सक्तीचा करते. गोळी सुटण्याची वाट कायदा पाहत नाही. येथून दोन तात्त्विक प्रश्न उभे राहतात. बदललेले हत्यार तेच राहते का? आणि बदल करणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते?

पहिल्या प्रश्नाला भारतीय दर्शनांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. न्याय-वैशेषिक मतानुसार अवयवी हा अवयवांहून वेगळा पदार्थ आहे. एखादा अवयव निघाला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो. या मताने सिलिंडर बदलताच नवे हत्यार जन्माला येते. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला समजावतो की रथ हे भागांच्या जुळणीला दिलेले नाव आहे, भागांपलीकडे रथ शोधून सापडत नाही. या मताने हत्याराची ओळख व्यवहारापुरतीच. परंतु दोन्ही मते एका बाबतीत जुळतात: कोणाच्या तरी कृतीने भागांची जुळणी बदलली आहे आणि तिच्याबरोबर हत्याराचे सामर्थ्यही. म्हणून ओळखीचा प्रश्न आपोआप कर्त्याच्या प्रश्नाकडे नेतो.

हत्यार निर्दोष असते, दोष वापरणाऱ्याचा, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते, आणि त्या परंपरेतही शस्त्राचे पावित्र्य ते धारण करणाऱ्याच्या धर्माशी बांधलेले आहे. या युक्तिवादात सत्याचा अंश आहे, पण तो अपुरा आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. येथे करण, म्हणजे साधन, कर्त्याच्या बरोबरीने कारणांत मोजलेले आहे. जे कारण आहे त्याची घडण नैतिक विचाराबाहेर ठेवता येत नाही. विनोबा भावे यांनी १९३०–३१ मध्ये गीतेचा मराठी अनुवाद ‘गीताई’ वर्ध्यात लिहिला, त्यामुळे हा विचार वर्धा जिल्ह्याच्या मातीत रुजलेला आहे.

या प्रश्नाचे सर्वांत नेमके विवेचन जैन ग्रंथांत सापडते. आगमांत ‘आधिकरणिकी’, म्हणजे हत्यारासंबंधीच्या, क्रियेचे दोन प्रकार सांगितले आहेत: नवे हत्यार घडवणे हे निर्वर्तन, आणि आधी घडलेले भाग एकत्र जोडणे हे संयोजन. रिव्हॉल्वरला दुसरे सिलिंडर बसवणे हे दुसऱ्या प्रकारात येते. हत्याराने कोणी मरो वा न मरो, जोडणाऱ्याच्या हातून क्रिया घडून गेलेली असते. तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय कर्मबंधाची तीव्रता ठरवताना भाव, जाणतेपणा आणि साधन या सर्वांची गणना करतो. म्हणजे हेतू महत्त्वाचा आहेच, पण तो एकटा पुरेसा नाही. बौद्ध परंपरेतही अंगुत्तरनिकायात उपासकाने टाळायच्या पाच व्यापारांत पहिला शस्त्रांचा आहे.

वर्धा जिल्ह्यात हा विचार राजकारणातही उतरला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनार येथे पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून युद्धविरोधी भाषण केले. युद्धाला माणसांची किंवा पैशाची मदत करणे चूक आहे, ही त्या सत्याग्रहाची भूमिका होती. बंदूक न उचलताही माणूस हिंसेत भागीदार होऊ शकतो, हा तिचा गाभा आहे.

याविरुद्ध अहिंसेचे पुरस्कर्ते गांधीजी यांचेच उदाहरण दिले जाते. १९३० मध्ये त्यांनी सरकारपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवान्यांचीही मागणी होती. पण त्या मागणीत परवान्यांवर लोकांचे नियंत्रण राहावे ही अट होती, आणि भित्रेपणापेक्षा प्रतिकार बरा असे त्यांचे मत होते. नाइलाजाने शस्त्रत्याग करणारा अहिंसक ठरत नाही. हत्याराचा निर्णय मोकळ्या, जागत्या माणसाने घ्यायचा आहे. त्यामुळे ही मागणी जबाबदारी कमी करत नाही, वाढवते.

वर्धा जिल्ह्यातच पुलगावला सैन्याचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या आगीत दोन लष्करी अधिकाऱ्यांसह अनेकांचे प्राण गेले. त्यांत आग विझवायला धावलेले जवान होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये जवळच जुना दारूगोळा नष्ट करतानाच्या स्फोटात मजुरांचा बळी गेला. तेथे कोणी कोणावर नेम धरला नव्हता. स्फोटकात साठवलेले सामर्थ्य हेतूची वाट पाहत नाही, म्हणून हत्याराशी संबंधित प्रत्येक काम, घडवणे, जोडणे, ठेवणे आणि मोडणे, स्वतंत्रपणे तोलावे लागते.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा. हत्याराचे बोअर बदलणे हे तटस्थ कारागिरीचे काम नाही. त्या क्षणीच कर्ता एका नव्या सामर्थ्याचा जनक होतो. गोळी झाडणाऱ्याचा दोष त्याने स्वतःवर घेतला असे होत नाही, पण स्वतःचा वाटा त्याला नाकारता येत नाही. परवाना मिळाल्याने कायद्यापुढचे उत्तर पूर्ण होते. नीतीपुढे आणखी तीन प्रश्न उरतात: या सामर्थ्याची गरज आहे का, ते कोणाच्या हाती जाणार, आणि ते पुन्हा काढून घेता येईल का. ही उत्तरे बदल करण्यापूर्वी द्यायची असतात.