दान आणि अट

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचे दोन जुने विद्यार्थी आम्हांस भेटावयास आले. दोघेही संगणकाच्या व्यवसायांत नांवारूपास आलेले. फराळाची बशी पुढें येतांच त्यांचा जो वाद जुंपला, तो दिवेलागणीपर्यंत मिटला नाहीं. लिनक्स श्रेष्ठ कीं फ्रीबीएसडी श्रेष्ठ, हा वादाचा विषय. या दोन्ही संगणक चालविणाऱ्या प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम्स होत. दोन्ही विनामूल्य मिळतात, आणि ज्या लिखाणापासून त्या घडल्या तो सोर्स कोडही वाटेल त्यास वाचतां व बदलतां येतो. वेग, स्थैर्य आणि सुरक्षितता यांविषयीं बरीच हमरीतुमरी झाली. त्या शास्त्रांत आमची गति बेताचीच असल्यामुळें आम्हीं श्रोत्याची भूमिका पत्करली. परंतु ऐकतां ऐकतां आमच्या ध्यानांत आलें कीं, भांडणाचें मूळ यंत्रांत नसून नीतिशास्त्रांत आहे. आणि तेथें मात्र आमच्यासारख्या शिक्षकासही दोन शब्द बोलण्याचा अधिकार पोंचतो.

थोडा पूर्वेतिहास सांगितल्यावांचून हा मुद्दा वाचकांस स्पष्ट व्हावयाचा नाहीं. युनिक्स नांवाची प्रणाली १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जन्मास आली. तिची मालक जी एटी अँड टी कंपनी, तिला १९५६ मध्यें सरकारशीं झालेल्या तडजोडीमुळें संगणकाच्या व्यापारांत पडतां येत नव्हतें. म्हणून युनिक्सचा सोर्स कोड विद्यापीठांस अल्प मोबदल्यांत मिळत असे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील मंडळींनीं त्यांत इतकी भर घातली कीं, बीएसडी ही एक निराळी शाखाच झाली. पुढें बंधन सुटल्यावर मालकीहक्काचा तंटा १९९२ सालीं कोर्टांत गेला. १९९४ मध्यें समेट झाला, तेव्हां बर्कलेच्या सुमारें १८,००० फायलींपैकीं अवघ्या ३ वगळाव्या लागल्या. बर्कलेकरांचा परवाना अगदीं आटोपशीर आहे : घ्या, बदला, विका, वाटल्यास आपल्या सुधारणांस कुलूप घाला, मूळ कर्त्यांचा उल्लेख व परवान्याचा मजकूर तेवढा राखा, आणि कांहीं बिघडल्यास आम्हांस दोष देऊं नका.

दुसरा पंथ रिचर्ड स्टॉलमन यांचा. त्यांनीं १९८३ सालीं ग्नू प्रकल्प जाहीर केला व १९८९ मध्यें जीपीएल हा परवाना प्रसिद्ध केला. त्याचें म्हणणें असें : घ्या, बदला, विकाही, परंतु सुधारलेली वस्तु दुसऱ्याच्या हातीं द्याल तेव्हां तिचा सोर्स कोडही द्या, आणि तुम्हांस जे हक्क मिळाले तेच त्यासही मिळूं द्या. हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्स लिहिण्यास आरंभ केला, आणि पुढच्याच वर्षीं त्यानें हा परवाना पत्करला.

तेव्हां प्रश्न असा उभा राहतो : दान विनाअट असावें कीं अटीचें? आमचा बीएसडीवादी विद्यार्थी म्हणाला, "सर, अट घातली कीं दान संपलें आणि सौदा सुरू झाला. गीतेच्या सतराव्या अध्यायांत परतफेडीची अपेक्षा न ठेवतां दिलेल्या दानासच सात्त्विक म्हटलें आहे ना?" सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ४ या खेळयंत्राची प्रणाली फ्रीबीएसडीपासून बनविलेली आहे, हें तो अभिमानानें सांगत होता. उलट नेटफ्लिक्ससारखी कंपनी कोणतीही सक्ती नसतां आपल्या सुधारणा फ्रीबीएसडीस परत देते. तेव्हां सौजन्यास कायद्याची काठी कशाला, असा त्याचा सवाल.

लिनक्सवाद्यानें २००३ सालचें उदाहरण काढलें. लिंक्सिस कंपनीच्या एका राऊटरांत लिनक्स वापरलें होतें, परंतु सोर्स कोड दिला नव्हता. परवान्यावर बोट ठेवून लोकांनीं तगादा लावला, तेव्हां कंपनीला तो प्रसिद्ध करावा लागला. आणि त्यांतूनच ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली निघून गिऱ्हाइकास आपला राऊटर आपणच सुधारतां येऊं लागला. अट नसती तर हें घडलें नसतें, हें त्याचें म्हणणें खरें आहे. पण त्याच्या पक्षाचेही हात सर्वस्वी स्वच्छ नाहींत. २००७ मध्यें ओपनबीएसडीसाठीं लिहिलेला एका वायरलेस यंत्राचा ड्रायव्हर लिनक्सच्या कांहीं मंडळींनीं घेतला आणि त्यावरील मूळ परवाना काढून केवळ जीपीएल घालण्याचा घाट घातला. ओरड झाली, तेव्हां मूळ परवाना राखण्यांत आला. औदार्यानें दिलेलें घेऊन दात्यासच परत वापरतां येऊं नये असें करणें, याला स्वातंत्र्याची सेवा म्हणणें कठीण आहे.

येथवर आमचें मन तराजूच्या कांट्याप्रमाणें हेलकावत होतें. तो स्थिर झाला तो आमच्याच एका जुन्या अनुभवाच्या आठवणीनें. पंचवीस वर्षांपूर्वीं आम्हीं तर्कशास्त्राचीं टिपणें तयार करून कॉलेजसमोरील झेरॉक्सच्या दुकानांत ठेविलीं होतीं. ज्यास हवीं त्यानें नक्कल करून घ्यावी. कांहीं वर्षांनीं एका प्रकाशकानें तींच टिपणें नव्या अभ्यासक्रमाप्रमाणें सुधारून गाईड म्हणून छापलीं. प्रस्तावनेंत आमचें नांव होतें. प्रथम राग आला. मग मनाची समजूत घातली कीं, आपलें गेलें काय? मूळ प्रत दुकानांत आहेच. विद्या ही कांहीं विहिरीचें पाणी नव्हे, कीं एकानें उपसली म्हणजे दुसऱ्यास कमी पडावी. परंतु एके दिवशीं एक गरीब विद्यार्थिनी त्या गाईडांतील दोन प्रकरणांची नक्कल काढावयास गेली, तेव्हां दुकानदारानें तिला "सर्व हक्क राखून ठेविले आहेत" ही ओळ दाखविली. आमच्या जुन्या प्रतीचा तिला उपयोग नव्हता, कारण अभ्यासक्रम बदलला होता. आमचें कांहीं गेलें नव्हतें, प्रकाशकाला पुष्कळ मिळालें होतें. गेलें होतें तें तिचें, आणि तिला आम्हीं हिशेबांत धरलेंच नव्हतें.

या वादांत नेहमीं देणारा आणि घेणारा अशा दोघांचाच विचार होतो. तिसरा माणूस, ज्याच्या हातीं ती वस्तु शेवटीं जावयाची, तो विसरला जातो. जीपीएलच्या अटीकडे त्याच्या बाजूनें पाहिलें म्हणजे सात्त्विक दानाचा आक्षेपही टिकत नाहीं. कारण ही अट दात्याला परत कांहीं द्या असें म्हणत नाहीं. पुढच्याला द्या, एवढेंच म्हणते. आपल्या शास्त्रांतील ऋषिऋणाची कल्पना हीच नव्हे काय? तें ऋण ऋषींस फेडावयाचें नसतें; अध्ययन करून, शिकवून, पुढच्या पिढीच्या पदरांत टाकून फेडावयाचें असतें.

सक्तीनें केलेल्या कर्तव्यांत पुण्य नाहीं, असें कोणी म्हणेल. तें आम्हांस मान्य आहे. परंतु घेणाऱ्याचें पुण्य आणि तिसऱ्याचा हक्क हे दोन निरनिराळे हिशेब आहेत. मात्र यावरून विनाअट दान सर्वत्र सदोष ठरत नाहीं. ओपनबीएसडीच्या मंडळींनीं १९९९ सालीं काढलेला ओपनएसएसएच हा दूरच्या संगणकाशीं सुरक्षित बोलण्याचा प्रोग्रॅम लिनक्सपासून बंदिस्त प्रणालींपर्यंत सर्वत्र पोंचला आहे. तेथें हेतु सर्वांचें दळणवळण निर्धोक व्हावें हा होता. बंदिस्त यंत्रांतही तो साधला, आणि तिसऱ्या माणसाचें हितच झालें. म्हणून आमचें मत असें कीं, वस्तु पसरावी एवढीच इच्छा असेल तर अट घालूं नये. वस्तूबरोबर तिच्यावरचा हक्कही पसरावा अशी इच्छा असेल, तर अट घालण्यांत संकोच बाळगूं नये.

आमच्या विद्यार्थ्यांचें समाधान झालें कीं नाहीं, कोण जाणे. दोघेही दारापर्यंत भांडतच गेले. आम्हीं मात्र यंदा नवीन टिपणें त्याच दुकानांत ठेवितांना पहिल्या पानावर एक ओळ अधिक लिहिली : ज्यानें हीं सुधारून दुसऱ्यास द्यावीं, त्यानें त्याची नक्कल काढण्याची मोकळीकही त्याबरोबर द्यावी.