सुराला धनी असतो का?

भजन माणसाला देवाजवळ नेतं, की ज्यानं मंडप घातला त्याच्याजवळ? मी तिवशाची. शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे, आणि सामुदायिक प्रार्थनेत खंजेरी वाजवते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी आमच्याच तालुक्यात, अमरावतीच्या रस्त्यावर. त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकातून नाही, हातातल्या वाद्यातून पडला.

दिवाळीत पुतण्यानं मला 'साउंडट्रॅक टू अ कू देता' हा माहितीपट दाखवला. बेल्जियमच्या योहान ग्रिमोनप्रे यांनी तो २०२४ मध्ये केला. विषय जाझ संगीताचा आणि आफ्रिकेतल्या काँगो देशाचा. ३० जून १९६० रोजी काँगो बेल्जियमच्या ताब्यातून सुटला आणि पॅट्रिस लुमुंबा पंतप्रधान झाले. काँगोच्या काटांगा प्रांतात युरेनियमची खाण होती, हिरोशिमावरच्या बॉम्बचं बहुतेक युरेनियम तिथलंच. असा प्रांत हातचा जाऊ देण्याची बड्या देशांची तयारी नव्हती. सात महिन्यांच्या आत, १७ जानेवारी १९६१ रोजी, लुमुंबांना ठार मारलं गेलं.

मधल्या काळात, ऑक्टोबरच्या अखेरीस, थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग काँगोच्या राजधानीत वाजवायला आले. त्यांना अमेरिकी सरकारनं पाठवलं होतं. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. त्याच शहरात लुमुंबा आपल्या घरात सैनिकांच्या वेढ्यात अडकले होते. आर्मस्ट्राँग काही सरकारचा मिंधा माणूस नव्हता. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना अडवलं, तेव्हा त्यांनी सरकारचा रशिया दौरा नाकारला होता. तरीही काँगोत त्यांचा सूर दुसऱ्याच कामाला लागला: टाळ्यांत तो वेढा झाकला गेला.

मग दोष कोणाचा? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, निरनिराळ्या क्रिया आणि दैव. मी एकट्यानंच केलं असं जो मानतो त्याला नीट दिसत नाही, असंही तिथे म्हटलं आहे. अधिष्ठान म्हणजे देह, असं भाष्यकार सांगतात. मी त्यात मंडपही धरते. कर्म कुठं उभं राहिलं, कुणाच्या पैशावर उभं राहिलं, हे कर्मापासून वेगळं काढता येत नाही. गाणारा पाचांतला एक. पण एक आहेच. म्हणून आर्मस्ट्राँग यांच्यावर सगळं पाप टाकता येत नाही, आणि ते अगदी मोकळेही सुटत नाहीत.

आमच्या भागातलं उदाहरण याहून अवघड आहे. १९४२ साली महाराजांची खंजेरी गावोगाव वाजत होती आणि भजनांतून स्वातंत्र्याची हाक जात होती. १६ ऑगस्टला चिमूर पेटलं, त्याच दिवशी वर्धा नदीपलीकडचं आष्टीही पेटलं. चिमुरात गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा पडला. चिडलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. पाठोपाठ फौज आली आणि गावातल्या बायकांवर अत्याचार झाले. या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भणसाळींनी ६३ दिवस उपोषण केलं. महाराजांना ऑगस्टच्या अखेरीस पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं.

इंग्रजांना भजनाची भीती वाटली, याचा आम्हाला अभिमान आहे. पण मारला गेलेला अधिकारीही कुणाचा तरी बाप होता. जागं करणारं गाणं रागही जागा करतं. म्हणून नुसतं जागं करणं पुरत नाही, जाग्या झालेल्याला आवरही शिकवावा लागतो. महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेचं मोल मला इथं कळतं. सगळ्या जातींची माणसं एका रांगेत, ठरल्या वेळी, शिस्तीत बसतात आणि प्रार्थना झाल्यावर गावाच्या कामाचं बोलतात. १९५५ साली आलेल्या त्यांच्या 'ग्रामगीते'च्या ४१ अध्यायांतही हाच ध्यास आहे: अस्पृश्यता जावी, व्यसन सुटावं, श्रमाला मान मिळावा, गाव स्वच्छ व्हावं.

स्वातंत्र्यानंतर महाराजही सरकारी मंचावर गेले. राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं. १९५६ मध्ये ते भारत साधू समाजाचे पहिले अध्यक्ष झाले. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत जवानांपुढे त्यांची खंजेरी वाजली. मग आर्मस्ट्राँग आणि ते सारखेच का? मला तसं वाटत नाही. काँगोच्या मैफिलीत ऐकणाऱ्यांना टाळ्यांखेरीज काही करायचं नव्हतं. महाराजांचं भजन ऐकून माणूस घरी गेला की त्याला झाडू हाती घ्यायचा होता, दारू सोडायची होती, शेजाऱ्याला विहिरीवर पाणी भरू द्यायचं होतं. मंच कुणाचाही असो, मागणी ऐकणाऱ्याकडेच होती. सुराचा धनी ओळखायची माझी खूण हीच: ऐकणारा उठल्यावर काय करतो?

आर्मस्ट्राँग यांच्याच बिरादरीतल्या गायिका ॲबी लिंकन आणि ढोलवादक मॅक्स रोच १५ फेब्रुवारी १९६१ रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या सभागृहात शिरले आणि लुमुंबांच्या हत्येचा निषेध ओरडून केला. तिथं त्यांनी काही वाजवलं नाही. पण गाणाऱ्याचं काम गाण्यापाशी संपत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

आमच्याकडे निवडणुकीच्या दिवसांत माणूस येतोच. "काकू, फक्त दोन भजनं म्हणा न, साहेब येईस्तोवर." मंडप त्याचा, भोंगा त्याचा, चहा त्याचा. वऱ्हाडातल्या सगळ्या भजनी मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे. जाण्याआधी विचारा: खर्च कोण करतो, भजनानंतर कोण बोलणार, आणि आम्ही नको ते भजन म्हटलं तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं, तर खंजेरी घरीच ठेवा.