छत्री आणि तवक्कुल

जून महिन्यात कोकणात सकाळच्या आकाशावरून सायंकाळचा भरवसा देता येत नाही. हवामान विभागाचा पिवळा किंवा नारिंगी इशाराही शक्यताच सांगतो. छत्री घ्यावी की नको, हा दारातला प्रश्न क्षुल्लक वाटतो; परंतु अपुऱ्या ज्ञानावर निर्णय कसा घ्यावा, या मोठ्या प्रश्नाचेच ते लहान रूप आहे.

पाऊस अल्लाहच्या हाती आहे, मग छत्री कशाला, असे म्हणणे म्हणजे तवक्कुल नव्हे. उंट बांधावा की मोकळा सोडून भरवसा ठेवावा, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले. शामच्या वाटेवर साथीची वार्ता कळताच हजरत उमर (रजि.) सरग येथून परतले. हे तकदीरीपासून पळणे आहे काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा आपण अल्लाहच्या एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले. साधन वापरणे हाही तकदीरीचाच भाग आहे.

छत्रीचे ओझे निश्चित, पण अल्प. भिजण्याची हानी अनिश्चित आणि प्रत्येकासाठी वेगळी. धडधाकट माणसाने स्वतःपुरती जोखीम पत्करली तर गोष्ट निराळी. परंतु सोबत तान्हे मूल असेल किंवा दुसऱ्याची कागदपत्रे अमानत म्हणून हाती असतील, तर पावसाची शक्यता थोडी असली तरी छत्री घ्यावी. आपल्या बेफिकिरीची किंमत दुसऱ्याला मोजायला लावण्याचा हक्क आपल्याला नाही.

ऊन पडले म्हणून छत्री नेणारा मूर्ख ठरत नाही आणि कोरडा परतला म्हणून बेपर्वा माणूस शहाणा ठरत नाही. सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा: हिताच्या गोष्टीसाठी झटावे, अल्लाहची मदत मागावी आणि आपत्ती आल्यावर 'असे केले असते तर' म्हणू नये, त्या शब्दाने शैतानाला वाट मिळते. 'दुसऱ्या दवाखान्यात नेले असते तर' हे एक वाक्य कित्येक घरांत भावाभावांना वर्षानुवर्षे जाळते. निष्काळजीपणाचा जाब जरूर विचारावा. परंतु ज्याने जाणत्यांचा सल्ला घेऊन प्रामाणिकपणे निर्णय घेतला, त्याला केवळ परिणामावरून दोषी धरणे म्हणजे अल्लाहने न दिलेले ज्ञान त्याच्याकडे मागणे होय.

म्हणून पावसात कोणी विनाछत्री भेटलाच, तर 'का आणली नाहीस?' असे विचारण्याआधी त्याला आपल्या छत्रीखाली जागा द्यावी.