नाताळाचा हिशेब

नाताळाच्या तयारीत सगळ्यांत आधी थकते ती घरातली बाई, आणि ख्रिस्तावर लक्ष ठेवा हा उपदेशही नेमका तिलाच ऐकावा लागतो. डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी पाळकसाहेब कळकळीने सांगतात की कपडे, केक, रोषणाई यांच्या गर्दीत ज्याचा जन्मदिवस आहे त्याला विसरू नका. त्यांचं काही चुकत नाही. पण मागच्या बाकावर बसलेल्या बाईच्या मनात त्या वेळी करंज्यांचं सारण असतं, शिंप्याकडे अडकलेले मुलांचे कपडे असतात, रात्री कॅरल गात येणाऱ्या मंडळींचा चहा असतो. उपदेश तिच्या यादीत एक काम वाढवतो, इतकंच. मन लागत नाही याची अपराधी भावना ती घरी घेऊन जाते आणि पुन्हा कढईपुढे उभी राहते.

मला वाटतं, आपण हा प्रश्न चुकीच्या जागी मांडला आहे. सणाच्या धांदलीत ख्रिस्तावर लक्ष राहणं हे एकट्याने मन आवरण्याचं काम मानलं गेलं. प्रत्यक्षात ते घरातलं काम कोण करतं आणि पैसा कुठे जातो यावर ठरतं.

जाम, समुद्रपूर, हिंगणघाट हा वर्धा जिल्ह्यातला पट्टा डोळ्यांसमोर आणा. नागपूरहून आलेला महामार्ग जामला फुटतो, एक वाट हिंगणघाटवरून हैदराबादकडे जाते, दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. या भागात ख्रिस्ती घरं मोजकी आणि विखुरलेली. अनेकांना नाताळाच्या उपासनेसाठी एसटी पकडावी लागते. शिवाय डिसेंबर हा इथे निवांत महिना कधीच नसतो. कापसाची वेचणी चालू असते, वेचणाऱ्या बाया किलोवर मजुरी घेतात, भाव वाढेल या आशेने कुणी कापूस घरात भरून ठेवतो, कुणाला देणी भागवायला लगेच हिंगणघाटच्या बाजारात न्यावा लागतो. हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायचं तर थ्री फेज वीज अनेकदा रात्री मिळते, मग थंडीत मध्यरात्री मोटर सुरू करायला जावं लागतं. दिवाळीचा खर्च नुकताच होऊन गेलेला असतो. ख्रिस्ती घरात दिवाळीला शेजाऱ्यांचा फराळ येतो, त्याची परतफेड नाताळाला करायची असते. ही देवाणघेवाण मला फार मोलाची वाटते, ती कमी करा असं मी कधीच म्हणणार नाही.

अशा महिन्यात शांतपणे बसून चिंतन करा, हा सल्ला शहरातल्या सुटीवर गेलेल्या माणसासाठी ठीक आहे. पण लूकच्या शुभवर्तमानातला मूळ प्रसंग तरी कुठे शांततेत घडला? सम्राट औगुस्तच्या हुकमाने शिरगणती निघाली होती. सरकारी कामासाठी माणसं आपापल्या मूळ गावी निघाली होती. नासरेथ ते बेथलेहेम हे अंतर साधारण नागपूरहून जाममार्गे चंद्रपूरला जावं एवढं, आणि मरिया गरोदर. पोहोचल्यावर उतारशाळेत जागा नाही. पहिली बातमी मिळाली ती रात्रपाळीवर असलेल्या मेंढपाळांना. त्यांना काम टाकून तपाला बसा असं कुणी सांगितलं नाही. ते बाळाला पाहून आले आणि पुन्हा आपल्या कळपांकडे गेले. रात्री हरभऱ्याला पाणी देणाऱ्या माणसाला ही गोष्ट कुणी उलगडून सांगावी लागत नाही. गर्दी, प्रवास, अपुरी जागा, कागदपत्रांची धावपळ हे सगळं त्या जन्माच्या आतच आहे.

म्हणून धांदल वाईट म्हणून सोडून देता येत नाही. कोणती धांदल, कुणासाठी, हे विचारावं लागतं. मार्था आणि मरिया या बहिणींच्या गोष्टीवर दर वर्षी प्रवचन होतं. येशू घरी आला, मार्था स्वयंपाकात गुंतली, मरिया त्याच्या पायांशी ऐकत बसली, आणि मार्थेने तक्रार केली तेव्हा येशूने तिच्या अनेक काळज्यांवर बोट ठेवलं. बहुतेक प्रवचनांत मार्थेला बोल लागतो. मला मात्र तिच्या तक्रारीत एक साधी मागणी ऐकू येते, की मी एकटी आहे, तिला हातभार लावायला सांग. ती मागणी आपल्या घरांनी अजून पुरी केलेली नाही.

या विचाराला एक भक्कम आधार वर्ध्यातच सापडतो. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा, जन्म 4 जानेवारी 1892, तंजावर. लंडनला हिशेबतपासनीस झालेला, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा तमिळ ख्रिस्ती माणूस 1929 मध्ये गांधीजींना भेटला आणि त्याचं आयुष्य बदललं. डिसेंबर 1934 मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा त्याची जबाबदारी कुमारप्पांवर आली. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेवर, मगनवाडीत, त्यांनी घाण्याचं तेल, हातकागद, मधमाश्या यांत वर्षं घालवली. 1934 मध्येच बिहारच्या भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते, आणि खुद्द गांधीजींच्या लवाजम्याचा खर्च त्या निधीतून द्यायला त्यांनी नकार दिला. भूकंपग्रस्तांसाठी आलेला पैसा त्यांच्यापर्यंतच गेला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मला यात भक्ती दिसते. त्यांनी येशूच्या आचारावर आणि शिकवणुकीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं तेही तुरुंगात, आणि त्याला प्रस्तावना गांधीजींनी दिली.

‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या पुस्तकात कुमारप्पांनी अर्थव्यवहाराच्या पायऱ्या मांडल्या आहेत. सगळ्यांत खाली परोपजीवी व्यवहार, दुसऱ्याचा जीव घेऊन जगणारा. सगळ्यांत वर सेवेचा व्यवहार, आणि त्याचं उदाहरण म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता पिलांना भरवणारी पक्षीण. हे वाचून आपण लगेच म्हणतो, आमच्या घरातली आई अशीच. इथेच थांबून नीट पाहावं लागेल. सणात एकटी आई सेवेच्या वरच्या पायरीवर असेल आणि बाकी घर नुसतं जेवत असेल, तर ते घर कुमारप्पांच्या शिडीवर कुठे उभं आहे? आईच्या पुण्याईवर सगळ्या घराचा निकाल लागत नाही. तिच्या कष्टांचं कौतुक करून आपण आपली जागा लपवतो, आणि नाताळाच्या दिवशी तरी हे लपवणं थांबायला हवं.

जुन्या मंडळीने यासाठी सोय करून ठेवली होती. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. तो 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान कधीतरी सुरू होतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत नाताळापूर्वी चाळीस दिवसांचा उपवास असतो. केरळातले सिरियन ख्रिस्ती पंचवीस दिवसांचा उपवास धरतात, आणि नोकरीनिमित्त विदर्भात आलेली त्यांची कुटुंबं तो इथेही पाळतात. उपवासाच्या काळात घरातलं रांधणं आपोआप हलकं होतं. आपण मात्र 1 डिसेंबरपासूनच खायला सुरुवात करतो, आणि 25 तारखेपर्यंत घर थकलेलं, पाकीट रिकामं. आगमनकाळ परत आणायचा तर ते मला धार्मिक अवडंबर वाटत नाही. बाईच्या पाठीला तो विसावा आहे.

मंडळीच्या पंच कमिटीला आणि घरांनाही करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. कॅरलचा संघ घरोघरी जातो तेव्हा चहाची किटली तरुण संघाने सोबत न्यावी. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी बसून यादी करावी आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहावं, बापाचं आणि मुलांचंही. करंज्या लाटायला पुरुषांचे हात चालतात. ज्या पदार्थापुढे कुणाचंच नाव येत नाही, तो त्या वर्षी करू नये.

आणि पैशाच्या पानावर पहिली ओळ दुसऱ्याच्या मजुरीची असावी. दिवस मावळण्याआधी मजुराची मजुरी द्यावी असा मोशेच्या नियमशास्त्रात स्पष्ट हुकूम आहे, आणि याकोबाच्या पत्रात शेतात राबणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते. कापूस विकून हाती पैसे आले की आधी वेचणाऱ्या बायांचं देणं चुकतं करावं, मग शिंप्याचं, मग किराणा दुकानातली उधारी. त्यानंतर केक आणि कपडे. रोषणाई शेवटी, पैसे उरले तर.