आजचं चिंतन: लेक हरली तेव्हा

आजचा श्लोक गीतेच्या तेराव्या अध्यायातला नववा. ज्ञान कशाला म्हणायचं, त्याची लक्षणं भगवंत सातव्या श्लोकापासून एकामागून एक सांगत येतात. मानाची हाव नको, ढोंग नको, अहिंसा, क्षमा, सरळपणा, गुरुसेवा. इथपर्यंत आपण सगळे माना डोलावतो. नवव्यात मात्र ते थेट आपल्या घरात शिरतात. मुलं, बायको, घर यांच्या ठिकाणी आसक्ती नसणं, त्यांच्यात स्वतःला हरवून न बसणं, मनासारखं होवो की मनाविरुद्ध, चित्त सारखं राहणं. हेही ज्ञानाचंच लक्षण.

खरं सांगतो, हा श्लोक मी दोन-तीन वर्षं टाळत आलोय. पाठात म्हणायचो, पण त्यावर थांबायचो नाही. थोरली सहा वर्षांची, धाकटा तीनचा. दोघं मांडीवर लोळत असताना 'गुंतू नका' हे वाचायचं कुठल्या तोंडाने? बायकोला एकदा हा श्लोक समजावून सांगितला, तर ती म्हणाली, "तुझी अनासक्ती बरोबर भांडी घासायच्या वेळेला जागी होते." तिचं काही चुकलं नाही. आपल्याकडे या श्लोकाचा असा वापर पिढ्यान् पिढ्या झालाय, आणि तो बहुतेक पुरुषांनीच केलाय.

गेल्या शनिवार-रविवारी सोलापूरला गेलो होतो. त्यानंतर मात्र टाळता येईना.

२०२३ च्या फेब्रुवारीत मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाल्यापासून आमचं जाणं वाढलंय. शुक्रवारी संध्याकाळी पुण्यातून बसायचं, रात्री झोपायला घरी. अण्णा, म्हणजे माझे वडील, स्टेशनवर हजर असतात. कितीही सांगा, रिक्षाने येतो म्हणून. थंडीत मफलर गुंडाळून उभे.

शनिवारी सकाळी अण्णांनी शहाबादी फरशीवर खडूने चौकाबाराचा पट आखला. पाच आडवी, पाच उभी घरं, चार बाजूंना मधोमध फुल्या आणि एक फुली मध्यावर. ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी: चार कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकी घरं पुढे, चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. फुलीवर बसलेली सोंगटी सुरक्षित. बाकी कुठेही दुसऱ्याने गाठलं की तुमची सोंगटी मेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सोंगट्या म्हणून थोरलीने आजीच्या फुटक्या बांगड्यांचे तुकडे घेतले, अण्णांनी तुरीचे दाणे, आईने खडे आणि मी शेंगदाणे. माझे दोन शेंगदाणे धाकट्याने पहिल्या दहा मिनिटांत खाऊन टाकले. त्यावर नियम काय, असं विचारलं तर अण्णा म्हणाले, "खाल्ली म्हणजे मेलीच की."

खेळ रंगला. थोरलीची शेवटची सोंगटी मधल्या फुलीपासून तीन घरांवर होती. अण्णांच्या कवड्या पडल्या, त्यांनी मोजलं आणि तिची सोंगटी उचलून पटाबाहेर ठेवली. शांतपणे. तिचे ओठ थरथरले आणि मग भोकाड.

मला ते सहन झालं नाही. "अण्णा, दुसरी सोंगटी चालवायची ना. लहान आहे ती." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि कवड्या तिच्या हातात दिल्या. "टाक. तुझी पाळी आहे." तिने नाक पुसलं, टाकल्या, आठ आले. दोन मिनिटांत ती हसत होती. अर्ध्या तासाने तिने अण्णांची सोंगटी मारली तेव्हा तिचा नाच बघायला शेजारच्या काकू दारात आल्या.

ती दोन मिनिटांत सावरली. मी दुपारपर्यंत नाही.

श्लोकात आसक्तीनंतर आणखी एक शब्द येतो, 'अनभिष्वंग'. शंकराचार्यांनी भाष्यात त्यातला 'अभिष्वंग' उलगडून दाखवलाय. तो आसक्तीचाच एक प्रकार, पण खास: दुसऱ्याला आणि स्वतःला एकच मानणं. तो सुखी तर मी सुखी, तो दुःखी तर मी दुःखी, तो जगला तर मी जगलो, तो गेला तर मीही गेलो. हे वाचून बरेच जण म्हणतील, यालाच तर प्रेम म्हणतात! मीही म्हणायचो. पण शनिवारी काय झालं बघा. रडली लेक, हरलो मी. तिचं रडणं थांबलं तरी माझं हरणं थांबेना. म्हणजे त्या दोन मिनिटांनंतर मी जे धरून बसलो होतो, त्यात ती नव्हतीच. माझं मीच होतो. आणि तिला सोडा म्हणून अण्णांना जे सांगितलं, ते तरी तिच्यासाठी सांगितलं की मला तिचं रडणं बघवत नाही म्हणून?

रविवारी पहाटे अण्णांसोबत ज्ञानेश्वरी काढली. अण्णा माळकरी, पंढरपूर सत्तर-बहात्तर किलोमीटरवर, त्यामुळे वारी अंगात. चष्मा लावूनही त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. मी वाचतो, ते ऐकतात. या श्लोकावर माउलींनी जे दृष्टांत दिलेत त्यांचा भावार्थ असा: वाटेने जाताना झाडाची सावली मिळावी, तेवढीच त्याला घराबद्दल आस्था. आणि मुलं? ती जणू मुक्कामाला आलेले वाटसरू, किंवा झाडाखाली येऊन बसलेली गुरं.

मला हे फार कोरडं वाटलं. गुरं? अण्णा काही बोलले नाहीत, चहा प्यायले.

नंतर सगळे मोहोळकडच्या एका नातेवाइकांच्या शेतावर हुरड्याला गेलो. जानेवारीतलं सोलापूर म्हणजे हुरडा, हे पुण्यात कितीही पैसे देऊन मिळत नाही. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात भाजलेली कणसं, हातावर चोळून काढलेले गरम दाणे, सोबत शेंगाचटणी, गूळ आणि दही. आई दाणे चोळून एकेका मुलाच्या तळहातावर ठेवत होती. स्वतः कधी खाल्लं कुणास ठाऊक. अण्णांनी थोरलीला गोफण फिरवायला शिकवलं. पहिला दगड मागे गेला, माझ्या कानाजवळून.

बांधावर लिंबाचं झाड होतं आणि खाली दोन गाई, एक वासरू रवंथ करत बसलेलं. धाकटा वासराला हुरडा द्यायला धावला, अण्णा त्याच्यामागे, त्याच्याच चालीने, मुद्दाम अडखळत. अडुसष्टाव्या वर्षी. मला हसू आलं आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचलं. हा माणूस मला कधी मिळालाच नाही. मी लहान असताना अण्णा आधी मिलमध्ये पाळीवर होते. मिल बंद पडली, मग यंत्रमागावर बारा-बारा तास चादरी. केसांत कापूस घेऊन यायचे, जेवायचे, झोपायचे. माझ्याशी चौकाबारा खेळल्याचं एकदाही आठवत नाही.

धाकट्याला आईकडे सोडून ते झाडाखाली टेकले तेव्हा विचारलंच. "अण्णा, माझ्याशी कधी असं खेळला नाहीत."

ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "तवा तुझं तोंड बघितलं की फी दिसायची. खेळणार कुठनं? आता ह्यांच्याकडं बघितलं की हीच दिसत्यात."

अख्ख्या भाष्याने जे मला पटलं नव्हतं ते इथे पटलं. मी समजत होतो की अनासक्ती म्हणजे मुलांपासून दोन पावलं मागे सरकणं. इथे तर उलटंच. अण्णा माझ्यात गुंतलेले होते तेव्हा मी त्यांना दिसतच नव्हतो. माझ्या जागी फी दिसायची, वह्या, उद्याचं काय. ते गुंतणं सुटलं तेव्हा समोरचं पोर दिसायला लागलं, आणि दिसायला लागलं म्हणून खेळता आलं. मुलांशी खेळणं ही आसक्ती, अशी मला भीती होती. पण आसक्ती असेल तर खेळताच येत नाही. मग नुसतं मुलाला घडवणं चालतं, जिंकवणं चालतं, त्याचे फोटो काढणं चालतं. (हुरड्याचे मी ४३ काढले. अण्णांकडे स्मार्टफोन आहे, त्यांनी एकही नाही.)

पण एक शंका उरतेच, आणि ती झटकून टाकणं मला बरोबर वाटत नाही. अण्णा मोकळे झाले, कारण फी आता मला दिसते. आजोबांची अनासक्ती बापाच्या काळजीवर उभी आहे. कुणीतरी लसीची तारीख लक्षात ठेवायची, कुणीतरी हप्ता भरायचा. मग हे ज्ञानाचं लक्षण की निवृत्तीचा फायदा?

याचं उत्तर शोधताना माउलींच्या वयाशी येऊन अडखळलो. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली, तेव्हा ते पंधराएक वर्षांचे होते असं परंपरा मानते. मुलं ही मुक्कामाला आलेली, असं सांगणारा कुणी आजोबा नव्हता, बापही नव्हता. तो स्वतःच जवळजवळ मूल होता. आणि घर सोडण्याला अनासक्ती म्हणतात हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती, कारण ते त्याच्या घरात घडलं होतं. विठ्ठलपंतांनी रुक्मिणीबाईंना मागे ठेवून संन्यास घेतला, आणि गुरूंनीच त्यांना घरी परत पाठवलं. पुढे चार मुलं झाली, संन्याशाची पोरं म्हणून वाळीत पडली, आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह टाकला. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. या चौघांच्या डोक्यावरचं झाड फार लवकर गेलं.

त्या पोराने झाड आणि गुरांचा दृष्टांत निवडला. मी तो सकाळी बापाच्या बाजूने वाचला होता, म्हणून कोरडा वाटला. दुपारी लिंबाखाली बसून वासराच्या बाजूने वाचला. वासराला काय हवं असतं? झाडाने आपल्याला 'माझं' म्हणावं, हे नाही. झाडाने तिथे असावं. भर उन्हात, हलू नये. झाड काळजी करत नाही, पण सावलीही आखडती घेत नाही. म्हणजे मुलांची जबाबदारी सोडा असं या दृष्टांतात कुठेही नाही. हप्ता भरायचाच आहे. फक्त लेकीच्या तोंडाकडे बघताना तिच्या जागी हप्ता दिसू नये.

हे मला जमतं का? नाही. रविवारी रात्री पुन्हा पट मांडला. माझ्या कवड्या अशा पडल्या की थोरलीची सोंगटी मारता आली असती. सकाळपासून एवढं चिंतन केलं होतं. तरी हात दुसऱ्याच सोंगटीकडे गेला.

तिने मोजलं. पोरगी आता मोजायला लागलीय. "बाबा, तू मला मुद्दाम सोडलंस." मग आजोबांकडे सरकून बसली. "आजोबा नाही सोडत."

हे मला शनिवारच्या भोकाडापेक्षा जास्त लागलं. सोडून देण्यात मी तिला काहीतरी देतोय असं मला वाटत होतं. तिला त्यात आपला अपमान दिसला. तिच्याशी कुणीतरी खरं खेळावं, एवढंच तिला हवं होतं.

डाव अर्धा राहिला. साडेनऊला धाकटा पटावरच झोपला, सोंगट्या त्याच्या गालाला चिकटलेल्या. थोरलीने आजोबांकडून वचन घेतलं: पट असाच ठेवायचा, पुढच्या वेळी इथूनच सुरू. अण्णा हो म्हणाले. सोमवारी पहाटेच्या गाडीने आम्ही परत. निघताना आईने चटणीचा डबा दिला, धपाटे दिले, "या परत" म्हणाली आणि गाडी हलायच्या आत मागे वळली. थांबा म्हणाली नाही. तिच्या मनात काय होतं, ते मी या श्लोकाच्या कुठल्या बाजूला लिहू ते मला कळत नाही.

सोमवारी संध्याकाळी फोन लावला. थोरलीने पहिलं विचारलं, "आजी, आमचा पट आहे ना?"

"पुसला की," आई म्हणाली. "फरशी पुसायला नको?"

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. आता रडणार, आणि मग मी काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव सुरू.

"बरं," ती म्हणाली. "मग पहिली पाळी माझी."

राम कृष्ण हरी.