रिकाम्या घागरीचं वजन

पुण्यात आपली कामं ठरलेली असतात: दवाखाना, कॉलेजचा प्रवेश, कोर्टाची तारीख. आटपाडीहून दिघंची, म्हसवड, फलटण मागे टाकत आलेल्या माणसाला मधे कुठेतरी दोनेक तास मोकळे मिळतात आणि ते तो लक्ष्मी रोडच्या गर्दीत घालवतो. या वेळी कसबा पेठेत तांबट आळीला जा. खरेदीची यादी खिशातच राहू द्या.

आळीत शिरताना आधी फक्त ऐका. पेशवाईत कोकणातून आलेले तांबट इथे वसले, तेव्हा घराघरातून ठोके येत असतील. आता ते मोजके उरलेत, त्यामुळे एकेक वेगळा ऐकू येतो. त्यातला एक धरा आणि त्याच्या मागे जा.

माणूस आडव्या लोखंडी दांड्यावर भांडं अडकवून बसलेला दिसेल. डावा हात भांडं तसूभर सरकवतो, उजव्या हातातली हातोडी पडते, पत्र्यावर वाटाण्याएवढा चकाकता ठसा उमटतो. पुन्हा तसूभर, पुन्हा ठसा. हे मठारकाम. दिसायला नक्षी, पण काम मजबुतीचं. ठोके खाऊन तांबं कडक होतं. फार कडक झालं तर तडकेल, म्हणून घडवताना ते मधूनमधून तापवून मऊ करून घ्यावं लागतं. मन थाऱ्यावर आणायला श्वास मोजावेत म्हणतात. मला ही हातोडी सोपी वाटते. थोडा वेळ तिच्याकडेच बघत राहा.

आता दुकानात एक घागर मागून घ्या. रिकामीच. दोन्ही हातांत तोला, मग कमरेवर टेकवून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या. तांब्याची किंमत वजनावर, म्हणजे काट्यावर जितकी जड तितकी महाग, आणि घरात तितकीच मानाची. तिचं वजन अंगाला कळू द्या आणि मग माणगंगेचं कोरडं पात्र आठवा, टँकरपुढची उन्हाळ्यातली रांग आठवा. तिथे हाच जडपणा बाईच्या कमरेवर येतो. पाणी तेवढंच, ओझं मात्र जास्त. प्लॅस्टिकची कळशी आपल्याकडे शिरली ती या हिशेबाने. तांब्यापितळेची भांडी गेली म्हणून हळहळणाऱ्या लेखांत हा हिशेब फारसा सापडत नाही. असे लेख बहुधा नळाच्या घरात लिहिले जातात. कराडजवळच्या टेंभूतून उचललेलं कृष्णेचं पाणी आटपाडी तालुक्यात पोचलं, त्यानंतर कुठे घागरीच्या देखणेपणाकडे बघायला उसंत मिळाली. मान आणि ओझं, दोन्ही एकाच वजनात आहेत. लगेच कुणाची बाजू घेऊ नका. घागर अजून हातातच असू द्या.

ती ठेवलीत की शेजारच्या पातेल्यात डोकावा. पाण्याच्या घागरीचं कल्हईवाचून भागतं. आंबट शिजवायच्या पातेल्याला ती हवीच, नाहीतर आमटी कळकते. कथील 232 अंशांना वितळतं, तांबं 1085ला. तापल्या भांड्यात कथील पाण्यासारखं पळतं, नवसागर आणि कापसाच्या बोळ्याने ते आतून फिरवलं जातं, आणि भांडं जागच्या जागी राहतं.

जुनं देऊन नवं घेणाऱ्यांच्या भांड्यांचा, मोडीचा, ढीग कुठल्यातरी कोपऱ्यात असतो. परवानगी घेऊन त्यातला एक तांब्या उचला. काठाखाली टिंबाटिंबांनी घातलेलं नाव असेल: कुणी दिला, कुणाला, कुठल्या लग्नात. अंगठ्याने टिंबं चाचपा. वितळताना नाव जाईल, धातू राहील. आटपाडी-खानापूरच्या माणसाला यात नवं काही नाही. देशभरच्या सराफी पेठांत सोनं-चांदी आटवून शुद्ध करणारी गलाईवाली माणसं आपलीच, आणि आपल्याकडची कितीतरी घरं त्याच कमाईवर उभी राहिली. मुशीत पडणारा दागिना कुणाच्या गळ्यातला, हे त्यांना सहसा कळत नाही. इथे निदान नाव वाचता येतं. मनातल्या मनात पुरतं वाचा आणि तांब्या होता तिथे ठेवा.

एवढ्यात दुकानदार विचारील, किती माणसांचं पातेलं हवं?

उत्तराची घाई करू नका. रोज पंगतीला बसतात ते मोजा. गलाईच्या दुकानावर परमुलखात असलेला भाऊ मोजायचा का? सासरी गेलेल्या लेकी? दिवाळीला येणारी पोरं? आईचं ताट अजून धरता का? माप रोजच्या माणसांवर घ्यायचं की सणाच्या, हे मनाशी नक्की होऊ द्या. माझं मत विचाराल तर सणाच्या. मग आजचा भाव विचारा, नव्याचा आणि मोडीचा, दोन्ही.